मिटलेलं तोंड

तिसऱ्या खेपेलाही मुग्धाचे दात काचेत शाबूत राहिले, आणि पराग थत्तेला आनंद व्हायच्या जागी संताप आला.

शाबूत दात बघून दातांच्या संशोधकानं चिडावं, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण काचेतले दात शाबूत होते तेव्हा घरी, खऱ्या तोंडात, मुग्धाचे वरचे चार पुढचे दात हिरडीलगत खडूसारखे पांढरे पडत चालले होते. त्यांतल्या दोनांवर कॅप बसवून झाल्या होत्या, आणि कॅपच्या कडेनं कीड पुन्हा आत शिरली होती. त्याची बायको मुग्धा कीर्तनकार. त, थ, द, न म्हणताना जीभ ज्यांना टेकते ते हेच दात. मुळापासून गेले की कवळी, आणि कवळी लावलेल्या म्हाताऱ्या कीर्तनकारांची शीळ तिनं लहानपणी पुष्कळ ऐकली होती. त्यातून तिचं वय अजून पंचावन्नही नव्हतं.

पराग ज्या केंद्रात काम करायचा ते सुरूर फाट्याच्या अलीकडे होतं. आत शिरलं की उबदार, किंचित आंबूस वास यायचा. कपाटांत ओळीनं काचेचे चौकोनी कप्पे, प्रत्येकाला शरीराइतकी ऊब, वरून थेंब थेंब लाळ. प्रत्येक कप्पा म्हणजे एकेका जिवंत माणसाचं तोंड.

दात कसा किडतो हे बघायला पूर्वी काढलेला दात आम्लात बुडवून ठेवायचे आणि किती झिजला ते मोजायचे. पण तोंड म्हणजे आम्लाची बाटली नव्हे. तिथे शेकडो जातींचे जंतू दातावर चिकट थर करून गावासारखे नांदतात. साखर आली की त्यातले काही जण ती खाऊन आम्ल सोडतात. त्या आम्लात दाताच्या कवचातला चुना विरघळतो, आणि मागून येणारी लाळ आम्ल धुऊन नेते, चुना परत भरते. ही ओढाताण जन्मभर चालू असते. लाळ हरली की दात किडला. म्हणून केंद्रात माणसाच्याच काढलेल्या अक्कलदाढेच्या चकत्या घ्यायच्या, त्यावर त्याच्याच तोंडातला थर वाढवायचा, त्याचीच लाळ सोडायची, आणि तो जे जे खातो-पितो ते त्याच क्रमानं, त्याच मापात कप्प्यात घालायचं. वेग वाढवला की काही आठवड्यांत पुढची काही वर्षं दिसत. याला तिथे सगळे 'जुळं' म्हणत.

उपचारही जुळ्यावर अवलंबून होता. आम्ल करणाऱ्या जंतूंच्या जागी त्याच तोंडातले त्यांचे निरुपद्रवी भाऊबंद वाढवून बसवायचे, म्हणजे जंतूबदल. कोणते भाऊबंद टिकतील हे आधी जुळ्यात पारखायचं. पण जुळं किडलंच नाही तर पारखणार कशावर?

पडद्यावर मुग्धाच्या नावापुढे यंत्रणेनं आपणहून शेरा उमटवला होता : 'रुग्ण व प्रतिकृती यांत विसंगती. संभाव्य कारण : आहारनोंद अविश्वसनीय.' म्हणजे साध्या भाषेत, बाई चोरून गोड खातात.

केंद्रप्रमुख डॉ. शबाना मुजावर त्याच्या खांद्यावरून पडदा वाचत उभ्या होत्या. "राग मानू नकोस, पराग. वहिनी काहीतरी खातात."

"नाही खात."

"सगळ्यांचे नवरे असंच म्हणतात. आमचे अब्बा मधुमेहात जिलेबी टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. आम्ही मेलो हसून, पण साखर काही उतरली नाही."

"ती खोटं बोलत नाही, मॅडम."

"मग जुळं बोलतं का? आजवर किती जुळी चुकली, सांग."

 एकही चुकलं नव्हतं. निदान तसं सिद्ध झालं नव्हतं.

वाईला घरी आला तेव्हा मुग्धा गॅलरीत चिपळ्या हातात घेऊन, येरझाऱ्या घालत आख्यान घोळवत होती. त्याला पाहिल्यावर ती थांबली.

"काय म्हणते माझी सवत?"

काचेतल्या त्या तोंडाला ती पहिल्या दिवसापासून सवत म्हणायची. तिची लाळ काय, तिची दाढ काय, आणि नवरा दिवसभर तिच्यापाशी.

"ठणठणीत आहे."

"सवतीचे दात छान आणि माझे असे. नशीब एकेकीचं."

"मुग्धा, थट्टा नको. काही राहतंय का सांगायचं? चहाबरोबर, कुणाकडे गेल्यावर, औषधाची गोळी, काहीही."

"तू तिसऱ्यांदा विचारतोयस."

"तिसऱ्यांदा फसलंय म्हणून."

"चहा बिनसाखरेचा. कीर्तनानंतर केशराचं दूध, एक पेला, आणि प्रसादाचा कण, तेवढंच गोड. तेही लिहिलंय." ती पुन्हा चालायला लागली. "बाकी तुझं डोकं खाते तेवढंच. ते नोंदवायचं का?"

तो हसला नाही. ती शेजारी काही द्यायला खाली गेली, आणि त्यानं, का कोण जाणे, तिची कीर्तनाची पिशवी उघडली. झांजा, उपरणं, बुक्क्याची डबी. आणि खाली खडीसाखरेच्या पुड्या, पेढ्यांचे दोन डबे, बत्तासे. लाज वाटावी असं म्हणजे, त्याला थोडं समाधानही वाटलं. कोडं सुटलं होतं.

"सापडलं?"

ती दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"हे..."

"डबे उघडून बघ. पेढे मोजून घे. दर ठिकाणी देतात, मी नाही कशी म्हणू? घाट झाडणाऱ्या बायकांना नेऊन देते. प्रसाद म्हणून एक कण जिभेवर ठेवते, आणि तुमच्या त्या यंत्राला कण कळत नाही म्हणून तिथे चमचा लिहिलाय." ती आत आली, पुड्या एकेक करून परत पिशवीत भरू लागली. आवाज चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "पराग, मी नारदाच्या गादीवर उभी राहते. इथे खाली मी बोलते ते माझ्या नवऱ्याला खोटं वाटत असेल, तर वर उभं राहून बोलते ते लोकांनी खरं का मानावं?"

"मी तुला खोटारडी नाही म्हटलं. यंत्रानं शेरा दिला."

"यंत्रानं माझी पिशवी नाही उघडली."

पिशवीची चेन लावताना ती म्हणाली, "उद्यापासून मी तिथे थुंकायला येणार नाही. सवतीचं काय करायचं ते कर. दात पडले तर पडले."

नंतरचे दिवस घरात नुसते हो-नाही चालले. ताजी लाळ बंद झाल्यानं कप्प्यातलं जुळं मलूल झालं. मुजावर मॅडमनी एकदा विचारलं, "बंद करायचं का?" परागनं नकारार्थी मान हलवली. कशासाठी चालू ठेवायचं हेही त्याला सांगता आलं नसतं.

कृष्णाबाईच्या उत्सवात मुग्धाचं कीर्तन दुपारी चारला होतं. पराग गेला. बोलून मिटत नव्हतं, निदान समोर जाऊन बसावं, एवढाच विचार. घाटावर मांडव होता, सतरंज्यांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मागच्यांना दिसावं म्हणून बाजूला मोठा पडदा लावलेला. पेटीवर आपटेकाका. त्यांनी परागला पाहून भुवया उंचावल्या. इतकी वर्षं हा माणूस मांडवात कुठे दिसायचा?

नमन झालं, आणि मुग्धानं झांज उचलली. काही आवाज कानावर पडतात, काही आपल्याला बसल्या जागेवरून थोडं वर उचलतात. तिचा दुसऱ्या जातीचा होता. पूर्वरंगात तिनं विषय घेतला : भगवंताला आपलं सगळं ठाऊक असतं हे मानणं सोपं, पण आपल्या माणसाचं म्हणणं खरं मानणं अवघड. म्हणता म्हणता तिची नजर परागवर गेली आणि तिथेच थांबली.

उत्तररंगाला एका देवळातल्या सेवेकऱ्याची गोष्ट होती. नैवेद्याचे लाडू रोज कमी भरतात. पुजारी त्या सेवेकऱ्यावर आळ घेतो, त्याची झोळी उलटी करतो. "आणि झोळीत काय निघालं, माहितीये?" मुग्धानं मांडवाला विचारलं. "काही नाही. पण पुजाऱ्याचं समाधान होईना. म्हणाला, आतून शिवलेला कप्पा असेल." बायका हसल्या. "हसू नका हो. असे पुजारी घरोघरी असतात. आमच्याकडे तर एक शास्त्रज्ञ पुजारी आहे." आता सगळा मांडव हसला, आणि आपटेकाकांनी मान खाली घालून पेटीवर एक खोडकर सूर ओढला.

परागचे कान तापले. मान खाली घालायची नाही म्हणून तो पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर मुग्धाचा चेहरा भिंतीएवढा होता.

म्हणूनच ते दिसलं.

एका लांब तानेनंतर तिनं भस्सकन श्वास ओढला, आणि वरचा ओठ खाली यायला तयार होईना. दातांना चिकटून राहिला. तिनं जीभ ओठाखालून फिरवली, पुढची ओवी उचलली. पुन्हा तान, पुन्हा श्वास, पुन्हा ओठ अडकला. पाणी कुठेच नव्हतं. तिच्या गुरुजींची शिस्त त्याला माहीत होती : गादीवर उभं राहिलं की आरतीपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. ती ओवी गात होती आणि तिचे वरचे दात उघड्यावर वाळत होते.

आरती झाली. समितीच्या एका बाईंनी लगबगीनं केशरी दुधाचा पेला आणून तिच्या हातात दिला, आणि तिनं तो उभ्याउभ्याच, पाया पडणाऱ्यांच्या गर्दीत, घोट घोट करत संपवला. मग पाण्याची आठवण कुणाला राहते? लोक बोलत होते, ती बोलत होती.

नोंदीत या सगळ्याचं फक्त 'दूध, एक पेला' एवढंच होतं. ते अक्षरशः खरं होतं. आणि केंद्रात तेच दूध तितक्याच मापानं जुळ्याला मिळत होतं. फक्त तिथे वरून लाळ टपकत असायची, अखंड, रात्रंदिवस. बाटलीबंद तोंडं. जगात जिथे जिथे अशी तोंडं बनली ती सगळी मिटलेलीच होती. त्यांतलं एकही कधी बोललं नव्हतं. गाणं तर दूरच.

तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला. पाया पडणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला, आणि पाळी आली तेव्हा खरंच वाकला.

"उठ," ती हळू आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. मुग्धा, तू खोटं बोलत नव्हतीस. जुळं बोलतच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी सवत मुकी आहे. मला तुझी लाळ हवी. आणि तुझा श्वास."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "सबंध वाईत बायकोकडे हे मागणारा तू पहिला असशील," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाच्या कपाळाला बुक्का लावायला वळली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याआधी गाडीत जाऊन बसली होती.

सुकं तोंड बनवणं सोपं नव्हतं. नुसता पंखा लावून चाललं नसतं. गाताना बाहेर जाणारा श्वास ओलसर असतो, दात सुकवतो तो दोन ओळींच्या मध्ये तोंडानं आत ओढलेला कोरडा श्वास. परागनं तिच्या कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांतून प्रत्येक श्वास वेचला, आणि कप्प्यातल्या वरच्या चकत्यांवर हवेची बारीक नळी बसवली. झडप उघडायची ती तिच्या श्वासाबरहुकूम. गाण्याचा आवाज अर्थातच नव्हता, पण कप्प्यापाशी कान नेला की फक् फक् ऐकू यायचं, आणि ओळखीच्या माणसाला त्यातून लय कळायची. मुजावर मॅडम एकदा तिथे थबकल्या. "हे तोंड ठेका धरतंय," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "आपल्या कुणाला कसं सुचलं नाही हे?"

चकत्यांवर पांढरी रेघ उमटली. वरच्या चारांवरच. खालच्या दातांपाशी जिभेखालची लाळ साचून राहते, ते वाचले. मुग्धाच्या तोंडात होतं तसंच, तिथेच, तेवढंच.

परागला वाटलं, आता सुटलो. जुळं जुळलं म्हटल्यावर यंत्रणेनं जंतूबदलाचा मार्ग मोकळा केला, आणि त्याखाली नवा शेरा उमटवला : 'कारण निश्चित. दीर्घकाळ गायन व भाषण. उपचार मंजूर, कारण बंद करण्याच्या अटीवर.'

"कारण म्हणजे कीर्तन," पराग म्हणाला.

"वाचता येतं मला," मॅडम म्हणाल्या. "पण अट नुसती कागदी नाही, पराग. बघ." त्यांनी दुसरा कप्पा दाखवला. नवे निरुपद्रवी जंतू ओल्या तोंडात झकास वाढले होते. गाणाऱ्या तोंडात मात्र तेच आधी मेले. चिवट होते ते जुनेच, आम्लवाले. बाई गात राहिल्या तर उपचार टिकणार नव्हता.

परागनं हट्टानं आणखी कप्पे लावले. गाण्याच्या मध्ये पाण्याचा एक घोट. मग दोन. शिवाय आरतीनंतर गोड दुधाऐवजी साधं पाणी. तसं केलं तर नवे जंतू तग धरत होते, कसेबसे, पण धरत होते. त्यानं ते उपचारांना मंजुरी देणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्यालयाला कळवलं. त्या लोकांनी नम्रपणे सांगितलं, की मधूनमधून पाणी पिणारं जुळं हा मान्य प्रकार नाही. मान्यतेसाठी वेगळा अभ्यास लागेल, पुष्कळ माणसं लागतील, वर्षं लागतील. तोवर मान्य जुळी दोनच : गाणारं आणि न गाणारं.

"गाणाऱ्या माणसाला तहान लागते, हे सिद्ध करायला वर्षं?" परागनं फोनवर विचारलं.

"आमच्या हातात नाही हो, सर."

घरी त्यानं सगळं सांगितलं. मुग्धा कोथिंबीर निवडत होती, ऐकताना हात थांबला नाही.

"म्हणजे गाणं सोडलं तर दात राहतील."

"हो."

"आणि दात कशाला हवे होते मला?"

 

"ही कमालच झाली," ती म्हणाली. "मी खोटी होते तेव्हा उपचार नाही. खरी ठरले तर कीर्तन नाही. तुमच्या यंत्राला माझ्याबद्दल काही चांगलं वाटतच नाही का?" मग जुड्या बाजूला सारून म्हणाली, "तो पहिला शेरा. अविश्वसनीय. तो पुसला?"

"पुसता येत नाही. शेऱ्याखाली शेरा घालता येतो फक्त."

"मग घाल."

त्यानं घातला. संशोधकाच्या नावानिशी, यंत्रणेत कायम राहील असा : 'आहारनोंद पूर्णपणे विश्वसनीय होती. प्रतिकृतीचं तोंड मिटलेलं होतं, ही आमची चूक.' त्या शेऱ्यापुढे मुग्धानं आपलं उत्तर नोंदवायला लावलं : अट अमान्य. तिचं प्रकरण बंद झालं. त्या दिवशी पराग कप्प्यापाशी बराच वेळ बसला. काम सगळं बरोबर निघालं होतं, आणि हाती काहीच लागलं नव्हतं. फक् फक् चालू होतं. बटण बंद करायला हात गेला, पण मध्यावर थांबवलेलं कीर्तन त्याला कसंसंच वाटलं. आरतीपर्यंत चालू दिलं.

आता उरलं होतं ते पाणी. आणि त्यात गुरुजी आडवे येत होते.

"देवाला चालेल," मुग्धा म्हणाली होती. "त्याचं काही नाही. गुरुजी असते तर नुसते बघत राहिले असते. ते बघणं मला सोसत नाही."

त्यानं आग्रह केला नाही. फार पूर्वी शिकायला हवं होतं ते तो आता शिकत होता.

पुढचं कीर्तन रामनवमीच्या आधी, त्याच घाटावर. पराग पहिल्या रांगेत बसला होता, मांडीशी तांब्या-भांडं झाकून. वरच्या चारांपैकी एक दात तोवर गेला होता, तात्पुरता बसवलेला होता, आणि 'द' म्हणताना बारीकशी शीळ येत होती. नमनातच ती आली. मागून कुणीतरी कुजबुजलं. मुग्धानं ते ऐकलं, आणि पुढच्या चरणात 'द' आला तेव्हा तो मुद्दाम लांबवला.

पूर्वरंग संपला. मध्यंतराला तिला हार घातला, कपाळाला बुक्का लावला. आपटेकाकांनी पेटीचा भाता धरला. उत्तररंगाचा सूर द्यायचा, पण मुग्धा उचलेना. ती गादीवर उभी होती, डोळे मिटून, ओठ दातांना चिकटलेला. तिनं डोळे उघडले, परागकडे न बघता हात पुढे केला. झांज मागावी तसा.

त्यानं भांडं भरून दिलं.  आपटेकाका नदीकडे बघत राहिले. मुग्धानं भांडं कपाळाला लावलं आणि प्यायली, अर्धं, मग सगळं. रिकामं भांडं तिनं परत दिलं.

"गुरुजी, माफ करा," ती माइकमध्येच म्हणाली. "अजून पुष्कळ आख्यानं सांगायचीत." आणि गळा मोकळा करून तिनं ओवी उचलली. आपटेकाकांनी क्षणभर उशिरा, पण सूर दिला.

आरतीनंतर त्या बाई नेहमीसारख्या केशरी दूध घेऊन आल्या. मुग्धानं पेला दोन्ही हातांनी घेतला, नाही म्हणून त्यांचं मन मोडलं नाही. कपाळाला लावला, आणि बाजूला उभ्या परागच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाची नोंद कुणी ठेवत नाही."

त्यानं तिथेच, गर्दीत, उभ्याउभ्या ते संपवलं. भारी गोड होतं.